इस्तिकलाल मशीद (जकार्ता): आकडे आधी की इमारत आधी?

कडीपाट

नमस्कार मंडळी. राष्ट्रीय स्मारकांवरच्या मागच्या धाग्यात इंडोनेशियाच्या राष्ट्रीय मशिदीचा उल्लेख निघाला होता. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

इस्तिकलालबद्दल कुठेही वाचायला घ्या, आधी आकडेच अंगावर येतात. मोठ्या घुमटाचा व्यास ४५ मीटर, कारण स्वातंत्र्य १९४५ चं. धाकट्या घुमटाचा ८ मीटर, कारण महिना ऑगस्ट. घुमटाखाली खांब १२, कारण पैगंबरांचा जन्म १२ रबीउल अव्वलचा. नमाजाचे मजले ५, कारण इस्लामचे स्तंभ ५. कोणी म्हणतं पाच वेळच्या नमाजा, कोणी म्हणतं पंचशील (इंडोनेशियाच्या राज्याची पाच तत्त्वं). मिनार ६६.६६ मीटर, कारण कुराणात ६,६६६ आयती (वचनं). त्यावर ३० मीटरचं पोलादी टोक, कारण कुराणाचे पारे (भाग) ३०. दरवाजे ७, कारण आसमानं ७.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९५५ ची स्पर्धा, विजेते फ्रेडरिक सिलाबान. सुमात्राच्या बाटक समाजातले, प्रोटेस्टंट ख्रिस्ती. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष खुद्द राष्ट्राध्यक्ष सुकार्नो. पायाभरणी २४ ऑगस्ट १९६१, उद्घाटन २२ फेब्रुवारी १९७८. मधली सतरा वर्षं पैशाची चणचण आणि १९६५ ची राजकीय उलथापालथ ह्यात गेली.

माझं मत असं की हे आकडे म्हणजे वाटाड्यांची करमणूक. खरी इमारत त्यांच्याखाली झाकली गेली आहे. तुम्हाला काय वाटतं? आकडे आधी ठरले आणि इमारत त्यात बसवली, की इमारत झाली आणि मग अर्थ चिकटवले?

झिलई

दरवाजे सात म्हणजे सप्तपदी पण झाली की. :)

तुळई

खांबांचं बोलतो, कारण तिथे हिशोब मांडता येतो.

४५ मीटर व्यासाच्या वर्तुळावर १२ खांब समान अंतरावर ठेवले तर दोन खांबांतलं सरळ अंतर ११.६ मीटर येतं. काँक्रीटच्या कडीतुळईला हा गाळा अगदी अंगासरशी बसतो. ८ ठेवले तर गाळा १७.२ मीटर होतो. तुळईची खोली आणि तिच्यातलं लोखंड एकदम वाढतं, शिवाय वर्तुळाकार तुळईला पीळ बसतो तो वेगळाच. सरळ तुळई नुसती वाकते. गोलाकार तुळई वाकते आणि पिळवटतेही, आणि गाळा जितका मोठा तितका पीळ जास्त. उलट १६ खांब घेतले तर गाळा ८.८ मीटर. तुळई स्वस्तात सुटते, पण खांब दाटतात आणि मागच्या सफांना (रांगांना) मिहराब, म्हणजे इमामापुढचा कोनाडा, दिसेनासा होतो.

म्हणजे कोणताही शहाणा अभियंता १० ते १४ च्या मध्ये कुठेतरी थांबला असता. त्यात १२ ला भूमिती सोपी: ३० अंशांचे बारा भाग, दोऱ्या-खुंटीने जमिनीवर आखता येतील असे. बारा रबीउल अव्वल नसता तरी बारा आले असते. कडीपाट, तुमच्या बाजूने एक मत.

भुईनळा

असहमत. तुम्ही दोघं आकड्यांना फारच हलक्यात घेताय.

मशिदीच्या शेजारच्याच चौकात मोनास आहे, राष्ट्रीय स्मारक. त्याची पायाभरणी १७ ऑगस्ट १९६१ ची, मशिदीच्या आठवडाभर आधीची. त्यासाठीही सुरुवातीला सिलाबानचाच आराखडा पसंत पडला होता, पण इतका अवाढव्य की खर्च परवडेना. पुढे काम सोएदार्सोनोकडे गेलं आणि त्याने १७, ८, ४५ हे आकडे (स्वातंत्र्याची तारीख) मुद्दाम मापांत घातले. प्याल्यासारखा जो चबुतरा आहे तो जमिनीपासून १७ मीटरवर आणि ४५ मीटर × ४५ मीटरचा. हे कोणी नंतर चिकटवलेलं नाही.

तेव्हा त्याच काळात, त्याच चौकाशेजारी, त्याच राष्ट्राध्यक्षाच्या नजरेखाली उठलेल्या इमारतीत ४५ हा आकडा योगायोगाने आला हे पटत नाही. सुकार्नो स्वतः बांडुंगला शिकलेले स्थापत्य अभियंता. नकाशा कसा वाचायचा हे त्यांना कोणी सांगावं लागत नव्हतं.

आणि मशिदीच्या पायाभरणीची तारीख पाहा. २४ ऑगस्ट १९६१ ला मौलिद होता, म्हणजेच १२ रबीउल अव्वल. मुहूर्तसुद्धा आकडा बघूनच काढला.

खडूफळा

आकड्यांवर चर्चा चाललीच आहे तर एक दुरुस्ती. ६,६६६ आयती हा लोकांच्या तोंडी बसलेला आकडा आहे. आपल्याकडेही उर्दू वाचणाऱ्या घरांत तोच ऐकू येतो. छापील प्रतीत जी कूफी मोजणी वापरतात तिच्यात आयती ६,२३६ भरतात. फरक मजकुराचा नाही, आयत कुठे संपली असं मानायचं ह्याचा आहे, आणि सगळ्या जुन्या मोजण्या साधारण सहा हजार दोनशेच्या आसपासच येतात. ६,६६६ त्यांच्यापैकी एकीतही बसत नाही.

म्हणजे मिनाराची उंची लोकस्मृतीतून घेतली. मला तर हे जास्त आवडलं. राष्ट्रीय वास्तूत विद्वानांचा आकडा न येता बाजारपेठेतल्या माणसाचा आला.

झिलई

६२.३६ मीटर ठेवला असता तर सव्वाचार मीटरचं संगमरवर वाचलं असतं.

पागोळी

सगळे आकड्यांत अडकलात. ह्या इमारतीत बघायची गोष्ट तिचा उभा छेद आहे.

जकार्ता विषुववृत्तापासून सहा अंश दक्षिणेला. सूर्य जवळजवळ डोक्यावर, पाऊस धो धो, दमटपणा बारा महिने, आणि थंडीचा ऋतूच नाही. अशा हवेत जाड भिंतींची, लहान खिडक्यांची मशीद उभी केली तर आत भट्टी होते. कोरड्या वाळवंटात जाड भिंत दिवसाची ऊब साठवते आणि रात्री थंड हवेला देऊन टाकते. जकार्त्याला रात्रही गरमच, मग भिंतीने साठवलेलं द्यायचं कोणाला?

सिलाबानने भिंतच काढून टाकली. मुख्य दालनाच्या बाजूंना पोलादी जाळ्या आहेत, भौमितिक नक्षीच्या. त्यांच्यामागे उंच, खोल पडव्या. वारा एका बाजूने शिरतो, दुसऱ्या बाजूने निघतो, आणि मध्ये घुमटाखालची पोकळी इतकी उंच आहे की माणसांच्या अंगची गरम हवा डोक्यावर साचून राहत नाही, वर चढते. हे दालन वातानुकूलन गृहीत धरून आखलेलंच नाही.

पडवीची खोली हा खरा कळीचा मुद्दा. वाऱ्याबरोबर पाऊस ४५ अंशांनी तिरका आला तर जेवढी उंच उघडी बाजू तेवढंच छप्पर बाहेर यायला हवं. सहा मीटर उंचीच्या उघडीपुढे छप्पर दोनच मीटर काढलं तर चार मीटर भिजतंय असं समजा, आणि आतला गालिचा कुजायला लागला म्हणून समजा. कोकणातल्या घराचं छप्पर इतकं खाली का वाकतं ह्याचं उत्तर हेच. उघडीची उंची कमी केली की थोड्या पुढाव्यात भागतं. मशिदीला छप्पर खाली आणता येत नाही, म्हणून पडवीच दालनाएवढी मोठी करावी लागली.

नमाजाचं मुख्य दालन जमिनीवर नाही, वरच्या पातळीवर आहे, हेही लक्षात घ्या. खाली वजूच्या (नमाजाआधी हातपाय धुण्याच्या) जागा, कचेऱ्या वगैरे. चिलिवुंग नदीचं पाणी मशिदीच्या आवारातूनच वाहतं. जकार्त्याच्या पुरांची कीर्ती ठाऊक असेल तर गालिचे वरच्या मजल्यावर का, हे विचारायला नको.

कडीपाट

@पागोळी, ह्यासाठीच धागा काढला होता. मंडळ आभारी आहे.

@भुईनळा, मोनासचा मुद्दा खणखणीत आहे. विचार करतोय.

रेघोट्या

४५ मीटर म्हणजे किती ते डोळ्यांपुढे येण्यासाठी आपल्या जवळचं माप: विजापूरचा गोल घुमट बाहेरून सुमारे ४४ मीटर, आतून ३८. म्हणजे इस्तिकलालचा घुमट गोल घुमटाच्या बाहेरच्या मापापेक्षाही मीटरभर मोठा.

पण दोघांची जातकुळी वेगळी. गोल घुमट विटा-चुन्याचा, बुडाशी जाडी तीन मीटर. तो बाहेर रेटा देतो, आणि तो रेटा सांभाळायला दोन चौकोन एकमेकांवर फिरवून केलेल्या छेदणाऱ्या कमानी आहेत. त्या घुमटाचं बूड आतल्या बाजूला पुढे काढतात आणि आत लटकलेलं ते वजन बाहेरच्या रेट्याला तोलून धरतं. १६५६ मधलं डोकं आहे हे! इस्तिकलालला हे काहीच करावं लागत नाही. पोलादी सांगाडा हलका, बुडाशी काँक्रीटचं कडं, कडं ताणात राहतं आणि रेटा तिथेच संपतो. खांबांवर फक्त सरळ खाली वजन.

आता आवाज. गोल घुमटात कुजबुज पलीकडे ऐकू जाते तशी मशिदीत झाली तर खुतबा (इमामाचं प्रवचन) कोणालाच कळणार नाही. अर्धगोलाचा गुण असा की खालून आलेला आवाज तो त्रिज्येच्या निम्म्यावर गोळा करतो. त्रिज्या २२.५ मीटर, म्हणजे माथ्यापासून साधारण सव्वाअकरा मीटर खाली. इस्तिकलालमध्ये घुमट पाच पातळ्यांच्या वर बसलाय, त्यामुळे हा बिंदू माणसांच्या डोक्यांपासून पुष्कळ वर राहतो. विजापुरात सज्जाच घुमटाच्या बुडाशी आहे, म्हणून तिथे कानाशी प्रतिध्वनी खेळतात. खाली जमिनीवर तेवढी गंमत नाही.

शिवाय उघड्या बाजू. ध्वनीच्या हिशोबात उघडी खिडकी म्हणजे पूर्ण शोषण, गेलेला आवाज परत येत नाही. खाली गालिचा आणि त्यावर माणसं, तेही शोषणारं. रिकाम्या दालनात घुमेल, भरलेल्या दालनात कमी. म्हणून ध्वनियंत्रणा रिकाम्या मशिदीत लावून ठेवली की जुम्म्याला बोंब होते: रिकाम्यात बरोबर वाटलेला आवाज भरल्यावर दबका येतो.

तुळई

रेघोट्याच्या प्रतिसादाला जोड. कर्ण्यांना विलंब द्यावा लागतो. आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो, म्हणजे दर मीटरला साधारण ३ मिलिसेकंद. मिहराबापासून ६० मीटर मागच्या खांबावरचा कर्णा विलंबाशिवाय लावला तर तारेतून आलेला शब्द आधी आणि हवेतून आलेला तोच शब्द १७६ मिलिसेकंदांनी नंतर. ५० च्या वर गेलं की कानाला दोन वेगळे शब्द ऐकू येतात. तेव्हा त्या कर्ण्याला १७६ च्या वर आणखी १०-१५ मिलिसेकंद द्यायचे, म्हणजे माणसाला आवाज इमामाच्याच दिशेने आल्यासारखा वाटतो.

चुनाभट्टी

कर्णे नव्हते तेव्हा काय करत?

खडूफळा

मुकब्बिर. इमामाची तकबीर ('अल्लाहु अकबर') मधल्या सफांतला ठरलेला माणूस मोठ्याने पुन्हा म्हणतो, त्याचं ऐकून मागचे. जुन्या मोठ्या मशिदींत त्याच्यासाठी खांबांवर उचललेला चौथराही असतो. वीज गेली तर आजही तीच युक्ती.

हत्तीवाणी

अवांतर, पण राहवत नाही. इस्तिकलाल हा अरबी शब्द, अर्थ स्वातंत्र्य. पण इंडोनेशियात रोजच्या बोलण्यात स्वातंत्र्याला मेर्देका म्हणतात, आणि मेर्देका आलाय संस्कृत महर्द्धिक वरून, म्हणजे मोठी ऋद्धी असलेला, समर्थ. मोनास ज्या चौकात आहे तो मेर्देका चौक. म्हणजे एकाच अर्थाचे दोन शब्द, एक संस्कृतातून आलेला आणि एक अरबीतून, समोरासमोर उभे.

आणि पंचशील तर आपल्याला समजावून सांगायलाच नको. त्यातलं पहिलं तत्त्व एका ईश्वरावरची श्रद्धा. तिथला शब्द केतुहानान. सिलाबानने स्पर्धेत आराखडा टोपणनावाने दिला होता आणि ते टोपणनाव नेमकं केतुहानान होतं. ख्रिस्ती माणसाने मशिदीच्या आराखड्याला असं नाव दिलं जे त्याचंही होतं, मशिदीचंही आणि राज्यघटनेचंही. हुशारी म्हणा किंवा श्रद्धा म्हणा.

भुईनळा

@हत्तीवाणी, क्या बात! आणि परीक्षकांत हाम्का होते हे विसरू नका. त्या काळातले मातब्बर धर्मपंडित. शेवटच्या पाचांत बांडुंगच्या तंत्रशाळेतल्या विद्यार्थ्यांचे दोन गट होते, एकाचं टोपणनाव इल्हाम, दुसऱ्याचं खातुलिस्तिवा, म्हणजे विषुववृत्त. पागोळीताई, तुम्ही त्याच गटात शोभला असता.

ओळंबा

किब्ल्याचा, म्हणजे काबेच्या दिशेचा, विषय अजून कोणी काढला नाही, म्हणून.

जकार्त्याहून किब्ला उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने २९५ अंश, म्हणजे पश्चिमेपेक्षा २५ अंश उत्तरेला. (मुंबईहून २८० अंश.) मेर्देका चौकाचे रस्ते उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम. त्यामुळे मशिदीचं मुख्य दालन चौकाच्या चौकटीशी फटकून तिरकं बसलंय. नकाशात हे लगेच दिसतं. ह्यावर तोड अशी काढली की दालनाचा अक्ष काबेकडे, आणि लांब पडवीचा अक्ष मोनासकडे. दोन अक्षांच्या सांध्यात जो कोन सुटतो तिथे मोठं अंगण बसवलं. धर्माची दिशा एक, राष्ट्राची दुसरी. कडीपाट, तुमच्या आकड्यांपेक्षा हा कोन मला मोलाचा वाटतो.

दिशा तपासायची सोपी रीत आहे. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर काबेच्या डोक्यावर येतो: २८ मे आणि १६ जुलै (लीप वर्षात एक दिवस आधी). भारतीय वेळ २८ मे ला दुपारी २:४८, १६ जुलैला २:५७. जकार्त्यात ४:१८ आणि ४:२७. त्या मिनिटाला सूर्य दिसणाऱ्या कुठल्याही गावात सूर्याची दिशा हाच किब्ला. ओळंबा मोकळ्या अंगणात लटकवा, लंब हलू नये म्हणून तो पाण्याच्या बादलीत बुडवा, घड्याळ आधी बिनचूक लावून घ्या, आणि त्या मिनिटाला दोरीच्या सावलीवर लांबलांब दोन खुणा करा. रेघ सूर्याकडे वाढवली की झालं. ढग आले तर आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी त्याच वेळी करा, फरक नगण्य पडतो.

होकायंत्रावर विसंबू नका. एक तर चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर वेगळी, त्यात काँक्रीटमधल्या सळ्या सुईला ओढतात. जकार्ता ते मक्का अंतर ७,९०० किलोमीटरच्या घरात. तिथून एक अंशाची चूक मक्केजवळ सुमारे १०५ किलोमीटरची होते.

झिलई

आयडी शोभला!

चुनाभट्टी

एक शंका. १,२०,००० माणसं मावतात म्हणतात. हे नक्की कसं मोजतात? जरा फुगवलेलं वाटतं.

ओळंबा

रास्त शंका, पण हिशोब जमतो. नमाजाला माणशी जागा खांद्याला खांदा लावून ५० सेंमी रुंद आणि सजद्यासाठी (डोकं टेकायला) १२० सेंमी खोल, म्हणजे ०.६ चौ.मी. ऐसपैस म्हणजे ६० × १२०, ०.७२ चौ.मी. मोकळं अंगण सुमारे २९,८०० चौ.मी. आहे आणि तिथे ५०,००० मावतात असं सांगतात. भागाकार करा, ०.५९६ येतं. म्हणजे ईदच्या गर्दीचा घट्ट हिशोब आहे, फुगवलेला नाही. ऐसपैस मोजलं तर त्याच अंगणात ४१,००० च बसतील.

बाकीचे दालनात आणि पडव्यांत. मजल्यांचं मर्म इथेच आहे: एवढी माणसं एकाच पातळीवर बसवली असती तर मागचा माणूस मिहराबापासून फार लांब गेला असता. मुख्य पातळी आणि तिच्याभोवती चार सज्जे, मध्ये पोकळी, त्यामुळे दालन न रुंदावता माणसं जवळ येतात.

गर्दीत अडतं ते आत बसताना नाही, बाहेर पडताना. नमाज संपल्यावर सगळे एकदम उठतात. म्हणून वेगवेगळ्या दिशांना दरवाजे लागतात, आणि चपला एकाच दारी ठेवायची सवय असेल तर सात दरवाजे असूनही कोंडी व्हायची ती होतेच.

कडीपाट

म्हणजे सात दरवाजे आसमानांसाठी नव्हे, चपलांसाठी.

भुईनळा

त्या दरवाजांना अल्लाहच्या नावांपैकी सात नावं आहेत: अल-फत्ताह, अस-सलाम, अर-रझ्झाक वगैरे. फत्ताह म्हणजे उघडणारा. दरवाजाला ह्याहून चपखल नाव मिळायचं नाही. तेव्हा चपलांची थट्टा पुरे.

तवा

दुरुस्तीच्या अंगाने कोणीच बोललेलं नाही. १९७८ ची इमारत, समुद्राकाठचं शहर, दमट हवा, आणि एवढं गंजरोधक पोलाद.

गंजरोधक म्हणजे गंजतच नाही असं नव्हे. खारी हवा लागली की त्यावर चहासारखे तपकिरी डाग येतात. साधं ३०४ प्रतीचं पोलाद लवकर डागाळतं, ३१६ प्रतीचं टिकतं. उपाय म्हणजे गोड्या पाण्याने नियमित धुणं, पावसाच्या आडोशाला असलेली जाळी तर आधी, कारण उघड्यावरची पाऊसच धुतो. साध्या लोखंडाचा काथ्या घासायला वापरला तर त्याचे कण पत्र्यात रुततात आणि तेच गंजतात. लाद्या धुवायचं ॲसिड जाळीवर उडालं तर महिन्याभरात खड्डे. संगमरवर आणि पोलाद शेजारी असलं की हा अपघात हमखास होतो, कारण लादी धुणारा आणि पत्रा पुसणारा वेगवेगळ्या ठेक्यातले असतात.

दुसरं, उष्णतेचं प्रसरण. ३० अंशांचा फरक धरला तर ४५ मीटरच्या साध्या पोलादाच्या सांगाड्यात १६ मिलीमीटर, आणि गंजरोधक पत्र्यात २३. सांगाडा आणि वरचं आवरण एकमेकांपेक्षा सात मिलीमीटर वेगळं सरकतं. पत्र्याला गोल भोक पाडून बोल्ट आवळला तर पत्रा फुगतो किंवा भोक फाटतं. लांबट भोक, मध्ये रबरी चकती, आणि बोल्ट जरा सैल.

तिसरं, पाणी. ४५ मीटर व्यासाच्या घुमटाचं आडवं क्षेत्र १,५९० चौ.मी. तासाला १०० मिलीमीटरची सर आली तर सेकंदाला ४४ लिटर पाणी फक्त घुमटावरून, आणि ते उतरतं भोवतीच्या सपाट छपरावर. सपाट म्हटलं तरी शंभरात एकाचा उतार हवाच. गळती जवळजवळ कायम दोन ठिकाणी सापडते: घुमट सपाटीला टेकतो तो सांधा, आणि पाणी जायची तोंडं. तोंडात पारव्याचं घरटं, त्यावर पालापाचोळा, छपरावर तळं, आणि मग चार मजले खाली गालिच्यावर डाग पडला की शोध सुरू. सांध्यात पातळ थर कितीही मारा, खालचा भाग हलता असेल तर तो फाटणार. थर सैल चुणीने दुमडून बसवावा लागतो.

२०१९-२० मध्ये मोठं नूतनीकरण झालं. सौरपट्ट्या बसल्या, वजूचं पाणी पुन्हा वापरायची सोय झाली, आणि ७ जानेवारी २०२१ ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोको विडोडोंनी पुन्हा उद्घाटन केलं.

पागोळी

@तवा, उत्तम प्रतिसाद. वजूचं पाणी पुन्हा वापरायला सगळ्यात सोपं, हे जाता जाता सांगते. तेल नाही, अन्न नाही, साबण जवळजवळ नाही. गाळून, थोडं निर्जंतुक करून बागेला आणि शौचालयाच्या टाक्यांना. फक्त वजूची नळी आणि शौचालयाची नळी सुरुवातीपासून वेगळी हवी. जुन्या इमारतीत ती एकत्र असते आणि फरशी फोडायचा खर्च यंत्रापेक्षा जास्त येतो.

सांडणी

मूळ प्रश्नात 'राष्ट्रीय' हा शब्द आहे, त्यावर. जावाची जुनी मशीद घुमटाची नव्हेच. देमाकची पाहा: एकावर एक चढत जाणारी तीन छपरं आणि मध्ये चार मोठे खांब, त्यातला एक लाकडाच्या ढलप्या बांधून केल्याची कथा आहे. ती शैली टाकून सिलाबान-सुकार्नोंनी घुमट आणि पोलाद घेतलं. मग ही राष्ट्रीय कशी?

भुईनळा

कारण जावाचं छप्पर घेतलं असतं तर ती जावाची मशीद झाली असती. आचे, सुलावेसी, मालुकू ह्यांनी काय करायचं? कोणाचीच नसलेली शैली घेतली की सगळ्यांची होते. सुकार्नोंचा हिशोब तो होता.

गंमत पुढे आहे. सुकार्नोंनंतरचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो ह्यांनी १९८२ नंतर एका न्यासामार्फत देशभर मशिदी बांधल्या, त्यांना मात्र तेच जावाचं चढतं छप्पर. आणि किती बांधल्या? ९९९. घ्या, पुन्हा आकडा.

रेघोट्या

नेमकं उलटं तुर्कस्तानात. अंकाराच्या कोजातेपे मशिदीला वेदात दालोकाय ह्यांचा आधुनिक आराखडा निवडला, पायाही घातला, मग ओरड झाली आणि तो मोडून उस्मानी घाटाची मशीद बांधली. दालोकाय तोच विचार घेऊन इस्लामाबादला गेले आणि तिथे फैसल मशीद झाली, घुमटाशिवाय, तंबूसारखी. आधुनिक राष्ट्रीय मशीद पूर्ण व्हायला आराखड्याइतकाच वरचा माणूस टिकावा लागतो.

सांडणी

इथे तर वरचा माणूस बदलला आणि तरी मशीद पूर्ण झाली. सुकार्नो १९७० मध्ये गेले, उद्घाटन सुहार्तोंच्या हातून. म्हणजे आराखड्याची सोय दोघांनाही होती.

जागेवरून मात्र सुरुवातीलाच वाद झाला होता. उपराष्ट्राध्यक्ष हात्तांचं म्हणणं, मशीद थामरिन रस्त्याच्या बाजूला मोकळ्या जागी, लोकवस्तीजवळ बांधा. सुकार्नोंना हवी होती विल्हेल्मिना बागेची जागा, जिथे डचांच्या जुन्या किल्ल्याचे अवशेष होते. हात्तांचा आक्षेप शुद्ध व्यवहारी: किल्ला पाडायलाच पैसा जाईल. जिंकले सुकार्नो. डचांच्या राणीच्या नावाची बाग आणि डच किल्ला, त्यावर 'स्वातंत्र्य' नावाची मशीद, हा मोह त्यांना सुटण्यासारखा नव्हता. समोर १९०१ चं कॅथेड्रल आहे हेही त्यांनी धरलंच होतं.

चुनाभट्टी

मशीद आणि कॅथेड्रल ह्यांच्यामधलं भुयार झालं का पूर्ण?

सांडणी

झालं. रस्त्याखालून, जेमतेम २८ मीटर लांब. सप्टेंबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस आले तेव्हा त्याच्या तोंडाशी इमाम नसरुद्दीन उमर ह्यांच्याबरोबर कार्यक्रम झाला, रीतसर उद्घाटन डिसेंबरात. खरा शेजार मात्र भुयारापेक्षा जुना आहे. नाताळला कॅथेड्रलची वाहनं मशिदीच्या वाहनतळावर, ईदला उलट.

कडीपाट

बरं, माझी माघार. अर्धी.

तुळईंनी दाखवलं की १२ खांब भूमितीनेच दिले असते. मजले पाच का, तर ओळंबांच्या हिशोबाने चार किंवा सहाही चालले असते, पण काहीतरी लागलेच असते. दरवाजांचंही तसंच. हे सगळे आकडे इमारतीच्या गरजेतून आले आणि अर्थ त्यांच्यावर सुखाने बसले. ४५ बद्दल मी भुईनळांचं मानतो. व्यास ४२ असता, ४८ असता, सांगाड्याला काही फरक नव्हता. कुठेतरी थांबायचंच होतं, तिथे १९४५ ने थांबवलं.

पण ६६.६६ आणि ८ ह्या दोन मापांना दुसरं कारणच सापडत नाही. मिनाराच्या उंचीत शेवटचे सहा सेंटिमीटर कोणत्याही कामावर कोणी मोजत नाही. ते कागदावर लिहिण्यासाठीच असतात. आणि ८ मीटरचा धाकटा घुमट प्रवेशाच्या जोडइमारतीवर आहे, तिथे घुमट नसता तरी छप्पर उभं राहिलं असतं. तेव्हा माझं नवं म्हणणं: जिथे इमारतीचं काम अडत होतं तिथे आकड्यांनी वाट दिली, आणि जिथे काहीच अडत नव्हतं तिथे आकड्यांनी राज्य केलं.

तुळई

मान्य. फक्त मिनारात मजले किती, जिन्याच्या पायऱ्या किती, हे कोणी मोजू नका आता.

हत्तीवाणी

एक राहिलं. अंगणात मोठा बेदुग आहे, नमाजाची वेळ सांगणारा ढोल. पूर्व कालिमंतानच्या लाल मेरांतीच्या एकाच खोडातून कोरलेला, झाड तीनशे वर्षांचं होतं म्हणतात. लांबी ३ मीटर, पुढचं तोंड २ मीटर, वजन २.३ टन. मागचं तोंड पुढच्यापेक्षा लहान, १.७१ मीटर.

झिलई

१७१ चा अर्थ?

हत्तीवाणी

झाड वर निमुळतं होत जातं.